बालकलाकार मुलगी मोठी होताना मधल्या वर्षांचं काय करायचं?

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका आईचा आहे. मुलगी आठ वर्षांची असताना इथेच कोकणात शूटिंग असलेल्या एका मराठी मालिकेत तिला काम मिळालं आणि ती घराघरांत माहीत झाली. आता ती साडेबारा वर्षांची आहे. मालिका कधीच संपली, आणि त्यानंतर दिलेल्या प्रत्येक ऑडिशनला "मोठी दिसते" एवढंच उत्तर येतं. आई विचारतेय, मुंबईला बिऱ्हाड हलवावं का? शाळा सोडून दहावी बाहेरून द्यावी का? लोकांनी विसरू नये म्हणून रोज रील टाकावेत का? एक को-ऑर्डिनेटर, म्हणजे नटांना कामं मिळवून देणारा मध्यस्थ, फोटोशूट आणि 'रीलाँच'साठी चाळीस हजार मागतोय, ते द्यावेत का? आणि मुलीला मोठेपणी नायिकाच व्हायचं असेल तर आत्ता काय करायला हवं?

ताई, मी कुडाळला बरीच वर्षं मुलांची नाटकं बसवते आणि आमच्या भागात शूटिंग असलं की सेटवरच्या मुलांची तयारी करून घेते. तुमच्या मुलीसारख्या मुली माझ्यासमोर लहानाच्या मोठ्या झाल्यात. त्या अनुभवावरून सांगते. घरची आर्थिक बाजू, मुलीचा स्वभाव आणि तुमच्याकडे मदतीला कोण आहे यावर यातलं बरंच अवलंबून आहे, ते त्या त्या ठिकाणी सांगेनच.

तुमच्या पाचही प्रश्नांच्या मुळाशी एकच भीती दिसते, की लोक हिला विसरतील. माझं मत अगदी स्पष्ट आहे. विसरू देत. बालकलाकार म्हणून मिळालेली ओळख मोठेपणी फारशी कामाला येत नाही. कामाला येतं ते अंगात मुरलेलं काम. पुढची चार-पाच वर्षं ओळख टिकवण्यात घालवलीत तर मूळ काम शिकायचं राहून जाईल.

आधी काम का थांबलं ते नीट समजून घ्या आणि मुलीलाही समजावून सांगा, कारण तिला वाटत असणार की आपलंच काहीतरी बिघडलं. मालिकांच्या गोष्टींत घरातलं मूल लागतं ते साधारण पाच ते दहा वर्षांचं. त्यानंतर एकदम कॉलेजातली मुलगी लागते. मधल्या वयाच्या भूमिका मुळात कमी लिहिल्या जातात. ज्या लिहिल्या जातात त्यांच्यासाठीही निर्माते अठरा-एकोणीस वर्षांची, चणीने लहान दिसणारी मुलगी शोधतात. ती दिवसभर शिफ्ट करू शकते, तिच्यासाठी परवानग्या, शाळा, सोबत पालक यातलं काही बघावं लागत नाही. तेव्हा "मोठी दिसते" हा बहुतेक वेळा तिच्या अभिनयावरचा शेरा नसतो. तिची उंची वाढली, एवढाच त्याचा अर्थ. तेरा ते सतराच्या दरम्यान जवळजवळ प्रत्येक बालकलाकार मुलीच्या वाटेला हा रिकामा काळ येतो.

मोठ्या झालेल्या अभिनेत्रींकडे बघून लोक म्हणतात, त्या तर थांबल्याच नाहीत. खरंय, काही जणी थांबल्या नाहीत. मधुबाला १९४२ च्या 'बसंत'मध्ये लहान मुलगी होती आणि १९४७ च्या 'नीलकमल'मध्ये चौदाव्या वर्षी नायिका. श्रीदेवी चार-पाच वर्षांची असल्यापासून तमिळ पडद्यावर होती आणि १९७६ च्या 'मून्ड्रू मुडिचु'मध्ये तेराव्या वर्षी नायिका झाली. आपल्या मराठी घरातली नंदा घ्या. तिचे वडील मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची. घर चालवायचं म्हणून 'बेबी नंदा' कामाला लागली. १९५६ चा शांतारामबापूंचा 'तूफान और दिया' आणि १९५९ चा 'छोटी बहन' इथपर्यंत ती सलग काम करत आली. या तिघींचं काम मला अतिशय प्रिय आहे. पण त्यांच्या वाटेला मी तुमच्या मुलीला पाठवणार नाही. मधुबाला आणि नंदा न थांबण्यामागे घरची चूल होती. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने मोठ्या बाईचं प्रेम पडद्यावर करावं, हे आज कुणी मागितलं तरी आईबापांनी नाही म्हणायला हवं.

दुसरी वाट जास्त जवळची आहे. ऊर्मिला मातोंडकर 'मासूम'मध्ये दिसली १९८३ मध्ये. हिंदीत नायिका म्हणून 'नरसिंहा' आला १९९१ मध्ये, आणि खरं नाव झालं ते १९९५ च्या 'रंगीला'ने. मध्ये बारा वर्षं गेली. 'रंगीला' बघायला गेलेल्या प्रेक्षकाने 'मासूम'मधल्या मुलीसाठी तिकीट काढलं नव्हतं. फातिमा सना शेख १९९७ च्या 'चाची ४२०'मधली छोटी मुलगी. मोठी भूमिका मिळाली २०१६ च्या 'दंगल'मध्ये, कुस्तीगीर गीताची, म्हणजे एकोणीस वर्षांनी. त्याच 'दंगल'मध्ये, त्याच गीताची लहानपणीची भूमिका झायरा वसीमने केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिने २०१९ मध्ये चित्रपटसृष्टी सोडत असल्याचं स्वतः जाहीर केलं. एकाच भूमिकेचे दोन वयांचे भाग करणाऱ्या दोन मुली. एक लहानपणच्या कामानंतर किती वर्षांनी वर आली, दुसरी शिखरावरून स्वतःहून उतरली. दोघींचा निर्णय त्यांचा होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आणि ज्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत अशा कितीतरी मुली पुढे डॉक्टर, शिक्षिका झाल्या, संसाराला लागल्या. त्यांचं काही वाया गेलं नाही, त्यांना 'अयशस्वी' म्हणायचं काही कारण नाही.

आता शिकायचं म्हणजे काय, ते जरा खोलात सांगते, कारण माझं काम तेच आहे.

मालिकेत लहान मुलाकडून काम कसं करून घेतात ते तुम्ही पाहिलंयच. सहायक दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या मागून वाक्य सांगतो, मूल ते म्हणतं, पुढचं वाक्य, पुन्हा म्हणतं. वेळ कमी असतो, त्यात कुणाचा दोष नाही. पण त्यातून सवयी लागतात. माझ्याकडे मालिका करून आलेली मुलगी पहिल्या दिवशीच ओळखता येते. वाक्य संपलं की तिची नजर समोरच्या नटाकडे न जाता माझ्याकडे येते, 'ओके' ऐकायला. आवाज ती नकळत वर चढवते, कारण त्याच बारीक आवाजाचं कौतुक झालेलं असतं. मान तिरकी, डोळे मोठे, वाक्याच्या शेवटी हेल. आठव्या वर्षी लोकांना ते गोड वाटतं. तेराव्या वर्षी तेच खोटं वाटायला लागतं, आणि ऑडिशन घेणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही म्हणून तो कधीकधी "मोठी दिसते" म्हणून मोकळा होतो.

यावर मी एक साधी गोष्ट करते. मोड आलेले वाल घेऊन मुलीला समोर बसवते आणि ते सोलता सोलता प्रसंग म्हणायला लावते. वालाची साल ओली आणि निसरडी असते, बोटं कामात गुंतली की मानेचे झटके थांबतात. मग समोरची मुलगी तिला ठरलेल्यापेक्षा वेगळं काहीतरी विचारते. पहिले काही दिवस ती गोंधळते, माझ्याकडे बघते. मी मान खाली घालून वाल सोलत राहते. मग कधीतरी ती समोरचीचं ऐकते आणि तिच्या स्वतःच्या खालच्या आवाजात उत्तर देते. त्या क्षणापासून तिचं मोठं काम सुरू होतं. हे घरीसुद्धा करता येईल. तिला पाठ म्हणून दाखवायला लावू नका, तुम्ही तिच्याबरोबर दुसरं पात्र व्हा आणि वाक्य बदला.

दुसरं, आपल्या दारात दशावतार आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तिला रात्रीच्या नाटकाला घेऊन जा आणि पुढे बसवा. दशावतारी नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. राजाने एक बोललं की समोरच्या राक्षसाला ते ऐकून त्याच दमात उत्तर द्यावं लागतं. पेटी आणि मृदंग कुठे उचलतात, नट थांबतो कुठे, हे तिने बघू दे. मागून सांगितलेलं वाक्य म्हणण्याच्या अगदी उलट अशी ही शाळा आहे, आणि ती मुंबईच्या कुठल्याही महागड्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही.

तिसरं, बालनाट्य. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा असते, शाळाशाळांच्या एकांकिका असतात. कुडाळला बाबा वर्दम थिएटर्स, कणकवलीला वसंतराव आचरेकर प्रतिष्ठान अशा संस्थांनी आपल्याकडे नाटक जागतं ठेवलंय. तिला तिथे जाऊ द्या, आणि टीव्हीवर आली होती म्हणून मुख्य भूमिका मागू नका. दोन वाक्यांची म्हातारी करू दे, पडदा ओढू दे, दुसऱ्याला प्रॉम्प्ट करू दे. तिची मालवणी पुसू नका. प्रमाण मराठी आणि हिंदी तिला स्वच्छ यायलाच हवी, रोज मोठ्याने वाचून ती येते. पण मालवणी जपणं हे भांडवल आहे. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आकेरीत चित्रित झाली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी नटांना त्यांच्या बोलीमुळेच दारं उघडली.

मुंबईचं सांगते. वडिलांची नोकरी तिकडे असेल, बदली होणारच असेल, तर जरूर जा. फक्त हिच्या करिअरसाठी जाणार असाल तर एकच विचारते, खोलीचं भाडं कुणाच्या पैशांनी भरणार? उत्तर 'तिला काम मिळेल त्यातून' असं असेल तर जाऊ नका. तेरा वर्षांच्या मुलीला जेव्हा कळतं की माझ्या ऑडिशनवर घराचं भाडं आहे, तेव्हा तिचा अभिनय संपतो. त्यात मराठी मालिकांचे सेट घोडबंदर रोड, मीरा रोड, मढ, गोरेगाव असे विखुरलेले, म्हणजे नुसतं 'मुंबईत' राहून भागत नाही. हल्ली पहिली ऑडिशन मोबाइलवर चित्रित करून पाठवायचीच पद्धत आहे, ती देवगडहूनही पाठवता येते. प्रत्यक्ष बोलावलं तर रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस आहेच. दहावीपर्यंत तरी बिऱ्हाड हलवू नका असं माझं मत आहे.

शाळेबद्दल मी जास्त कडक आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते हे खरं, आणि हातात मोठं, ठरलेलं, लेखी काम असेल तर ती सोय वाईट नाही. काम नसताना, येईल या आशेवर शाळा सोडणं मात्र चूक. तिच्या वयाची माणसं तिला शाळेतच भेटतात, आणि पुढे ज्या मुली ती रंगवणार त्या तिथल्याच. शिवाय राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या अभ्यासक्रमासाठी पदवी लागते. पुण्याच्या ललित कला केंद्रात नाटकातलीच पदवी घेता येते, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आहे. ही दारं शिक्षण सोडून बंद करू नका.

पैसे आणि कायदा याकडे पालक फार दुर्लक्ष करतात म्हणून थोडं सविस्तर. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार चौदा वर्षांखालचं मूल कलाकार म्हणून काम करू शकतं, पण शूटिंग ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. तिच्या मिळकतीतले किमान २० टक्के थेट तिच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत, ती सज्ञान होईपर्यंत. आधीच्या मालिकेच्या वेळी ही ठेव झाली होती का? झाली नसेल तर उरलेल्या रकमेतून आजच करा, आणि पुढच्या करारात हा मुद्दा आधी बघा. अंगच्या कलेवर मिळवलेली तिची कमाई कराच्या हिशोबात तिची स्वतःचीच धरली जाते, म्हणून तिचं पॅन कार्ड काढा आणि एकदा सीएशी बोला. मालिकांचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी हाती येतात, तेव्हा त्या भरवशावर हप्ते घेऊ नका. चौदा पूर्ण झाल्यावर नियमांची चौकट बदलते, म्हणून तेव्हापासून कामाचे तास, रात्रीचं शूटिंग नाही, परीक्षेच्या सुट्ट्या हे सगळं करारातच लिहून घ्या. तोंडी कबुलीवर जाऊ नका.

या वयात सेटवर आणखी एक गोष्ट लागते, ती कुणी लिहून देत नाही. मुलीला पाळी सुरू झालेली असते किंवा होणार असते. कपडे बदलायला कडी लागणारी स्वतंत्र जागा, स्वच्छ टॉयलेट आणि कायम जवळ असणारी घरची बाई, हे तीन असल्याशिवाय तिला सेटवर पाठवू नका. कपड्यांची ट्रायल तुमच्यासमोर व्हावी. कपडा, मिठी, कसलाही प्रसंग तिला नको वाटला तर तिने कुणाला सांगायचं ते तिला आधीच सांगून ठेवा, आणि तिने सांगितलं की तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहा, मग काम गेलं तरी चालेल. वजन कमी कर, गोरी हो असं सांगणारा कुणीही असो, त्याला तिच्याशी बोलूच देऊ नका.

रील्सचं थोडक्यात. इन्स्टाग्रामच्याच अटीनुसार तेरा वर्षांखाली स्वतःचं खातं काढता येत नाही. तेरानंतरही रोज रील म्हणजे रोज लोकांसमोर परीक्षा. आपल्याकडे जत्रेत, लग्नात कुणीतरी म्हणणारच, "काय गो, आता टीव्हीर दिसणस नाय?" एवढं एक वाक्य मुलीला पुरेसं लागतं, त्यात अनोळखी लोकांची भर कशाला? तिला नाचायला आवडतं म्हणून महिन्यात एखादं टाकलं तर हरकत नाही, पण खातं तुमच्या हातात असू दे.

को-ऑर्डिनेटरला एक रुपयासुद्धा देऊ नका. काम देणारा माणूस नटाकडून आगाऊ पैसे घेत नाही. खऱ्या को-ऑर्डिनेटरला काम मिळाल्यावर त्यातून टक्केवारी मिळते. फोटोशूटही आत्ता नको, तिचा चेहरा दर सहा महिन्यांनी बदलतोय. चाळीस हजार तिच्या ठेवीत घाला.

नायिका व्हायचं तर काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. दर जूनला, शाळा सुरू होताना, तिला एकटीला बसवून विचारा की यंदा काय करायचंय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती 'हो' म्हणतेय का, तेही बघा. मुलींना आईच्या डोळ्यांत ते लगेच दिसतं. एखाद्या वर्षी तिने 'नको' म्हटलं तर ते वर्ष ऑडिशन बंद. सतरा-अठराच्या सुमारास, मधल्या वर्षांत नाटकाचं काम अंगी लागलं असेल आणि ओढ टिकली असेल, तर पुन्हा जोमाने सुरुवात करू दे, आणि तेव्हा ती नवी मुलगी म्हणून उभी राहू दे.

तोपर्यंत एखादी ऑडिशन आली आणि तिला द्यावीशी वाटली, तर टेप, म्हणजे पाठवायचा व्हिडिओ, अशी करा. दिवसाचा उजेड, समोर खिडकी, मागे साधी भिंत, मोबाइल आडवा आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. मेकअप नाही. नाव, वय, खरी उंची, मग दोन्ही बाजूंचे चेहरे. समोरचं पात्र कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून कुणीतरी म्हणावं, सपाट आवाजात, म्हणजे तिला ऐकायला माणूस मिळेल. जुन्या मालिकेचं नाव माहितीत एका ओळीत लिहा, आठव्या वर्षीचा फोटो मात्र पाठवू नका. चार-पाच टेकपैकी कुठला पाठवायचा ते तिला निवडू दे. आणि टेप पाठवली की घरात त्याची चौकशी नको, तिच्याकडेही नको आणि तिकडे फोन करूनही नको. हवी असेल तर ते स्वतःच फोन करतात.